खुंटीवरचं हेल्मेट

नेरूळ,
४ जानेवारी २०२५

आदरणीय रंजिताताई,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. आमच्या एनएसएसच्या मॅडमचा नियम आहे, की शिबिर संपल्यावर ज्या घराने आपल्याला बसवून घेतलं त्या घराला हाताने लिहिलेलं पत्र पोस्टाने पाठवायचं. व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. शिबिरातही फोन मॅडमच्या कपाटातच होते, त्यामुळे आता सवय झालीय.

मी अक्षता. नाताळच्या सुट्टीत करावे गावात आमचं शिबिर होतं, तेव्हा रस्ता सुरक्षेचा सर्व्हे घेऊन तुमच्या घरी आले होते. माझ्यासोबत सनी होता. त्याच्या बुटाची लेस तुमच्या कोंबडीने ओढली, त्याने तिला हाड केलं आणि आजी त्याच्यावर केवढ्या तरी ओरडल्या. तो अजून सगळ्यांना सांगतो की करावे गावात माणसापेक्षा कोंबडीला मान आहे.

मी फॉर्मवरचा प्रश्न विचारला, घरात हेल्मेट आहे का. तुम्ही खुंटीकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, "आहे. त्या दिवशी घरीच होतं." तुमच्या मिस्टरांच्या अपघाताचं गावात ऐकलं होतं, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जाईना. शेवटच्या दिवशी गावदेवीसमोर आम्ही जे पथनाट्य केलं, ते त्यावरूनच मी लिहिलं. बायकोचं काम माझंच होतं. ती नवऱ्याला टेलरकडे पिटाळते, हळदीसाठी ब्लाऊज हवा म्हणून. हेल्मेट त्याच्या हातातून काढून खुंटीला लावते आणि म्हणते, "इथल्या इथे तर जायचंय, लवकर जा." शेवटी ती खुंटीखाली ऊर बडवून रडते. बायका खूप रडल्या. तुम्ही मागे उभ्या होतात, मी बघितलं. आवडलं का ते कळवा. आजी मात्र मध्येच उठून गेल्या. त्यांना बरं नव्हतं का?

तुमच्या चहाबद्दल आणि वेळेबद्दल मनापासून आभार.

आपली,
अक्षता कासारे


करावे,
१५ जानेवारी २०२५

चि. अक्षता,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर छान आहे. घरी पत्र येऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे पोस्टमनने आधी शेजारी दिलं.

तुम्ही मुलांनी सुट्टी सोडून गावात काम केलंत, नाल्याकडची घाण काढलीत. ते अजून स्वच्छ आहे. नाटकात तुमची मेहनत दिसली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना फार वेळ खाली बसवत नाही.

तू फॉर्मवर माझ्या नोकरीबद्दल लिहून घेतलं होतंस. पावणे एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे, तिथे मी ऑफिसात होते. हे गेल्यापासून घरीच आहे. मार्चमध्ये वर्ष होईल, मग परत जायचं ठरलं आहे. शेठनी जागा ठेवली आहे.

अभ्यास कर. आईवडिलांना नमस्कार सांग.

रंजिता अंकुश तांडेल


नेरूळ,
२२ जानेवारी २०२५

आदरणीय रंजिताताई,
जय भीम.

आनंदाची बातमी! आमचं नाटक रस्ता सुरक्षा महिन्यासाठी निवडलं गेलं. बेलापूर, सीवूड्स, जुईनगर सगळीकडे प्रयोग लागलेत. नाव ठेवलंय ‘खुंटीवरचं हेल्मेट’. मॅडम म्हणाल्या, सत्य घटना असल्यामुळे परिणाम होतो.

एक विनंती आहे. शेवटी आम्हाला अंकुशदादांचा फोटो हातात धरून उभं राहायचं आहे. एखादा द्याल का? मोठा करून आम्हीच फ्रेम करू. दादांमुळे कुणाचा जीव वाचला तर तेही एक काम होईल ना?

तुमची,
अक्षता


करावे,
३ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षता,

यापुढे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस. वाडीतल्या अंगणवाडीच्या राजश्रीबाईंच्या नावे पाठव, त्या मला देतील. मी त्यांच्याकडे मुलांना खिचडी वाढायला जाते. सध्या तेवढंच बाहेर जाणं आहे.

तुझं मागचं पत्र सासऱ्यांच्या हातात पडलं. आप्पांनी ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. ‘सत्य घटना’ हे शब्द त्यांनी दोनदा वाचले.

फोटो मी देऊ शकत नाही.

तुला बोल लावायचा म्हणून लिहीत नाही, पण काय झालं ते तुला कळायला हवं. नाटक झालं त्या दिवशी सासूबाई घरी येऊन लगेच आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "ब्लाऊज कोनचा व्हता?" मी म्हटलं, ब्लाऊज नव्हताच. त्या म्हणाल्या, "मंग पोरांना सपान परला काय?" त्या सीवूड्सला मासळी घेऊन बसतात. तिथे बायका त्यांना विचारतात की सुनेनंच पाठवला ना त्याला. गावातल्या माणसांनी नाटक गावातच बघितलं, मी स्वतः तिथे उभी होते आणि काही बोलले नाही. त्यामुळे ते खरंच झालं आहे.

शेठचा निरोप आला होता, एप्रिलपासून येता का म्हणून. आप्पा म्हणाले, सध्या राहू दे. सासूबाई म्हणाल्या, "घाईनं एकाला घालवलास. आता घरान बस." माझ्या माहेरी भाऊ-वहिनी आहेत, तिथे गेले तर पाहुणी म्हणूनच. आम्हाला मूल नाही. म्हणजे नोकरीवर गेले नाही, तर हे घर आणि ही पडवी, एवढंच उरतं. शेठ मार्चअखेर थांबतील. मग दुसरं माणूस घेतील.

नाटक तुम्ही चांगल्या हेतूने केलंत, हे मला माहीत आहे.

रंजिता


नेरूळ,
७ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुमचं पत्र मी वर्गात वाचलं आणि लेक्चर सोडून बाहेर आले.

आधी मी मनातल्या मनात भांडले तुमच्याशी. म्हटलं, नाटकात कल्पना असतेच, मी कुठे नाव घेतलं होतं? पण घरात शिरून मीच तुम्हाला विचारलं होतं आणि प्रयोग तुमच्याच गावात केला. नाव घ्यायची गरजच नव्हती. हे मला सुचायला हवं होतं. घरी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, आपल्या गावी कुणी आपल्या आजीवर असं नाटक बसवलं असतं तर चाललं असतं का तुला?

मी घरी येऊन आजींना सांगते की ब्लाऊज माझ्या डोक्यातला होता. माझ्या मावशीचा टेलर आठवला, तो घातला. बस. सनी पण येईल, तो म्हणतो कोंबडीची पण माफी मागतो.

पण एक कळत नाही. दादा मग कुठे निघाले होते? ते तुम्ही आजींना सांगून टाकलंत तर टेन्शनच मिटेल ना? तुमचं दोघांचं काही भांडण झालं होतं का? झालं असेल तरी त्यात लपवण्यासारखं काय आहे, सगळ्यांचं होतं. मला सांगा. मी कुणाला सांगणार नाही.

अक्षता


करावे,
२६ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षता,

उत्तराला उशीर झाला. लिहून फाडलं, परत लिहिलं.

आमचं भांडण झालं नव्हतं. त्या दिवशी आम्ही हसत होतो.

सासूबाईंच्या अंगात ताप होता. तोंडाला चव नव्हती. त्यांचे भाऊ उरणजवळ मोऱ्याला राहतात, जेट्टीजवळ. त्यांच्याकडे निवट्या मिळाल्या होत्या. निवट्या म्हणजे चिखलातले मासे, इकडे लोक आवडीने खातात. भावाने निरोप पाठवला, आणि सासूबाईंनी ह्यांना सांगितलं, जा, घेऊन ये. ह्यांना सुट्टी होती. मी भाकऱ्या करत होते.

हेल्मेट पडवीत बाकाखाली उलटं पडलं होतं. आमची एक कोंबडी खुडूक झाली होती आणि तीच त्यात जाऊन बसली. सासूबाईंनी खाली फडकी घातली आणि तिच्याखाली अंडी ठेवली. आम्ही तिला हेल्मेटवाली म्हणायचो. हे कामावर जातानासुद्धा तिची थट्टा करायचे, की पोलिसांनी पकडलं तर हिला घेऊन चौकीत जाईन. तेवढ्या दिवसांत ते शेजारच्यांचं हेल्मेट मागून नेत. त्या दिवशी शेजारी कुणी नव्हतं. ह्यांनी कोंबडीला उचलायला हात घातला, तिने चोच मारली. सासूबाई म्हणाल्या, "नको उठवू, अंडी गार होतील. मामाकडंच तर जातंस." हे म्हणाले, बरं. आणि गेले.

येताना उरण रस्त्यावर कंटेनर उभा होता. बाकी तुला माहीत आहे. हवालदार आप्पांना म्हणाला, हेल्मेट असतं तर वाचला असता. ते सासूबाईंनी ऐकलं.

निरोप आला तेव्हा सगळे हॉस्पिटलला धावले. मला मागे ठेवलं, घर उघडं नको म्हणून. आता घरात माणसं येणार आणि ती कोंबडी हेल्मेटमध्ये बसलेली बघणार, एवढंच माझ्या मनात आलं. मी तिला अंड्यांसकट टोपलीत ठेवलं. हेल्मेट धुतलं, पुसलं आणि खुंटीला लावलं. लोक आले ते खुंटीकडे बघून हळहळले. घरी असून नेलं नाही, असं सगळे म्हणाले. मी ते तसंच राहू दिलं. तुलाही तेच दाखवलं.

दहाव्या-बाराव्याचे दिवस व्हायच्या आधी पिल्लं निघाली. सासूबाई त्यांनाच दाणे घालत बसायच्या. आजवर त्यांतलं एकही कापलेलं नाही. अपघातानंतर कोंबडीबद्दल त्या काही बोललेल्या नाहीत. मला वाटतं, त्या विसरल्या आहेत. तापात होत्या. विसरल्या असतील तर मी आठवण का करून द्यायची? त्यांचा एकच मुलगा होता.

म्हणून मी नोकरीवर जाते की नाही, त्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे. तू येऊ नकोस. ब्लाऊज नव्हता म्हटलंस की त्या पुढचा प्रश्न विचारतील.

रंजिता


नेरूळ,
४ मार्च २०२५

ताई,

मला माफ करा, पण मी रविवारी येतेय. एकटीच. फक्त ब्लाऊजचं सांगेन, पुढे एक अक्षर नाही. माझ्या एका वाक्यामुळे तुम्ही घरात अडकून पडल्या आहात आणि मी इथे बक्षिसं घेत फिरतेय, हे मला जमत नाही. जेवणसुद्धा जात नाही.

घाबरू नका. मी नाटकात काम करते, चेहरा सांभाळता येतो मला.

अक्षता


करावे,
१२ मार्च २०२५

चि. अक्षता,

तू आलीस, जमिनीवर बसलीस, सासूबाईंच्या पाया पडलीस. ब्लाऊज तुझ्या मनाचा होता हे तू स्वच्छ सांगितलंस. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "मंग कोनी पाठवला त्याला?" मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. तू कपात बघून म्हणालीस, "मला नाही माहीत, आजी."

चांगलं बोललीस. पण त्याआधी तू खुराड्याकडे बघितलंस. तुला स्वतःला कळलंही नसेल.

तू गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तिला कोंबरीचा सांगतलंस."

मी हो म्हटलं. खोटं बोलायला सुचलं नाही.

त्यांनी खुराड्याचं दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "मना वाटला तू इसरलीस."

मी उंबऱ्यावर बसले. म्हणजे वर्षभर आम्ही दोघी एकाच घरात, एकाच खुंटीखाली जेवत होतो, आणि प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीला ते आठवत नाही. त्यांनी मला सांगितलं की हॉस्पिटलातून आल्यावर त्यांनी पहिल्यांदा बाकाखाली बघितलं. तिथे काही नव्हतं. वर बघितलं तर हेल्मेट खुंटीला. त्यांना वाटलं, आपण तापात काहीतरी भलतंच बघितलं असेल. मग पिल्लं निघाली, तेव्हा त्यांना कळलं की ते खरं होतं.

मी विचारलं, मग नाटकावर विश्वास का ठेवलात? त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्यावं राग करता येतं. तू घराशी असलीस का माझा मन खुरारकडं जात नाय. तू कामाला गेलीस तं मी एकटीच र्‍हातंय ना तिथं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही कुणालातरी घरात बसवून ठेवलं असतं.

काल जवळ्याची सुकट निवडताना त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, "तू जा कामाला. आप्पाला मी सांगतंय." मी हातातलं काम थांबवलं. पुढे म्हणाल्या, "पन लोकांना नाटकातला म्हायती हाय. तोच र्‍हाऊ दे. मना बाजारान बसाचा असतं."

मी बरं म्हटलं.

या महिन्यात तुमचं एक दिवसाचं शिबिर गावात आहे आणि नाटक परत होणार आहे, असं राजश्रीबाई म्हणाल्या. तू ते बदलू नकोस. जसं होतं तसं कर.

रंजिता


नेरूळ,
१६ मार्च २०२५

ताई,

नवीन नाटक लिहून झालंय. त्यात बायकोच नाही. एक मुलगा, एक रस्ता, एक रिकामी खुंटी. मॅडमनी होकार दिलाय, सनीने पाठ पण केलंय. आणि तुम्ही म्हणता जुनंच करा?

हे काय बरोबर आहे? तुम्ही सुटणार ते आयुष्यभर गावाचे बोल घेऊन? मला नोकरीचं कळतं. पण ते ‘लवकर जा’ मी आता तुमच्यासमोर कसं म्हणू? आधी मला माहीत नव्हतं. आता म्हटलं तर ते खोटं बोलणंच आहे. कुणाला तरी दुसरीला बायको करायला सांगते. मी ढोलकी वाजवेन.

आजींना एकदा विचारा ना. कदाचित त्या स्वतःच सांगतील सगळ्यांना.

अक्षता


करावे,
२० मार्च २०२५

चि. अक्षता,

आजींना मी विचारणार नाही. मी रोज पावण्याला जाईन. तिथे मला कुणी काही विचारणार नाही, खोक्यांची बिलं करायची आणि संध्याकाळी यायचं. त्या मात्र रोज ह्याच बाजारात बसणार. ह्याच बायका त्यांच्यासमोर उभ्या राहून मासळीचा भाव करणार. माझ्या वाट्याचं मला घेऊन निघता येतं. त्यांना त्यांचं घेऊन तिथेच बसायचं आहे.

ते काम तूच कर. दुसरी मुलगी आली तर लोक विचारतील की का बदललं.

वर्षश्राद्ध झालं. पान वाढलं त्यात सासूबाईंनी निवट्या ठेवल्या नाहीत. ह्यांनाही त्या आवडायच्या.

रंजिता


करावे,
२५ मार्च २०२५

चि. अक्षता,

रविवारी मला तुझ्याशी बोलता आलं नाही. तूही बोलली नाहीस ते बरं केलंस. लोक बघत होते.

तुला रिंगणातून दिसलं नसेल म्हणून लिहिते. सासूबाई स्वतः म्हणाल्या की चल, नाटकाला जाऊ. आप्पांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. या वेळी त्या मागे नाही बसल्या. सगळ्यांच्या पुढे, सतरंजीवर बसल्या आणि मला शेजारी बसवलं. मागे बायकांची कुजबुज चालली होती. कुणीतरी म्हणालं, "बघ, सुनेला घेऊन बसली. मोठं मन आहे म्हातारीचं." ते आम्ही दोघींनी ऐकलं. सासूबाईंनी पदर नीट केला.

सनी हेल्मेट घेऊन आला. तू ते त्याच्या हातातून काढून घेतलंस आणि खुंटीला लावलंस. त्याच वेळी सासूबाईंनी माझा हात धरला. लग्न होऊन आले तेव्हा एकदा धरला असेल, त्यानंतर आत्ताच. त्यांचा हात खरखरीत आहे, मासे कापून. नाटक संपेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. तू खुंटीखाली रडत होतीस तेव्हा त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी कोंबड्या झाकल्या आणि मला विचारलं की कामाला जाशील तेव्हा डब्याला काय देऊ.

शेठ एक तारखेला या म्हणाले आहेत. राजश्रीबाईंच्या पुतण्याची स्कूटर पावण्याला जाते, तिच्यावर मागे बसून जाईन. आप्पा म्हणाले, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. खुंटीवरचं घ्यायचं की नवीन आणायचं, हे कुणी बोललं नाही. मी नवीन आणणार आहे. ते खुंटीवरच राहील.

एक गोष्ट सांगायची राहिली. ‘इथल्या इथे तर जायचंय’ एवढं तू बोललीस आणि ‘लवकर जा’ म्हणताना तुझा आवाज अडकला. तू माझ्याकडे बघितलंस. आमच्या शेजारच्या दोन बायकांनी ते पाहिलं आणि त्या सासूबाईंकडे वळून बघू लागल्या.

तुमचं शिबिर सुट्टीत परत येईल, नाटक परत होईल. मी परत पुढेच बसेन. तेव्हा ते वाक्य न अडखळता म्हण. माझ्याकडे बघू नकोस.

रंजिता